मदत हवी आहे : विल्किन्सन यांचं काम फेरोसीनच्या पुढे कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी टी. वाय. बीएस्सीला इनऑरगॅनिक शिकवते. सर जेफ्री विल्किन्सन (१९२१–१९९६) यांच्या संशोधनावर तासाभराचं व्याख्यान मराठीतून द्यायचं आहे. वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत.

अभ्यासक्रमात हे नाव दोनदाच येतं. एकदा फेरोसीनमध्ये, म्हणजे लोह आणि कार्बनची दोन वलयं असलेल्या संयुगात. १९५१च्या अखेरीस कीली आणि पॉसन यांनी हे नारिंगी संयुग प्रसिद्ध केलं, पण लोह प्रत्येक वलयाला एकाच कार्बनने जोडलेलं दाखवलं. इन्फ्रारेडमध्ये सी-एचचा एकच पट्टा, डायपोल मोमेंट शून्य, आणि संयुग डायमॅग्नेटिक (जोडी नसलेला एकही इलेक्ट्रॉन नाही)! यावरून १९५२ मध्ये हार्वर्डला विल्किन्सन, वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी लोह दोन वलयांच्या मधोमध बसवलं. हा भाग मुलांना आवडतो, तिथे अडचण नाही. दुसऱ्यांदा नाव येतं ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या ऱ्होडियम उत्प्रेरकामुळे; तो अल्कीनला (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या रेणूला) हायड्रोजन जोडून अल्केन बनवतो.

पण १९७३चं नोबेल जर्मन रसायनशास्त्रज्ञ फिशर यांच्यासोबत फेरोसीनसारख्या सँडविच संयुगांसाठी मिळालं, तरी विल्किन्सन स्टॉकहोममध्ये बोलले ते संक्रमण धातूंच्या स्थिर अल्किलांच्या (धातूला थेट कार्बनने जोडलेले मिथाइलसारखे गट असलेल्या संयुगांच्या) शोधावर. मला हाच धागा व्याख्यानाचा कणा करायचा आहे, कारण त्यांची विचार करायची पद्धत इथे सगळ्यात स्वच्छ दिसते. धातू-कार्बन बंध मुळात दुबळा असतो असं तेव्हा सर्रास मानलं जाई. त्यांचं म्हणणं, बंध पुरेसा मजबूत आहे. रेणूला तुटायला सोपी वाट मिळते, म्हणून तो टिकत नाही. ती वाट म्हणजे बीटा कार्बनवरचा (धातूपासून दुसऱ्या कार्बनवरचा) हायड्रोजन धातूकडे जाणं आणि अल्कीन सुटणं. मग बीटा हायड्रोजनच नसलेले गट घ्यायचे: मिथाइल, निओपेंटाइल, ट्रायमिथाइलसिलिलमिथाइल. असंच हेक्झामिथाइलटंगस्टन मिळालं.

अडतंय दोन ठिकाणी. एक, हा विषय उत्प्रेरकाला कसा जोडू? नाहीतर व्याख्यानाचे तीन सुटे तुकडे होतील. दोन, हेक्झामिथाइलटंगस्टन ऑक्टाहेड्रल (अष्टफलकी) नाही, ट्रायगोनल प्रिझमॅटिक (त्रिकोणी लोलकासारखं) आहे. सहा गट म्हणजे ऑक्टाहेड्रन, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. "असं का?" याचं प्रामाणिक उत्तर त्यांच्या पातळीवर कसं देऊ?

प्रतिसाद

ताई, जोड तुमच्याच मजकुरात आहे. उत्प्रेरकाचं चक्र फळ्यावर काढा: एक फॉस्फीन (ऱ्होडियमला जोडलेला फॉस्फरसचा गट) सुटतो, हायड्रोजन ऱ्होडियमवर चढतो, ऱ्होडियमची ऑक्सिडेशन अवस्था एकवरून तीनवर जाते, अल्कीन येऊन बसतं आणि एक हायड्रोजन त्यावर सरकतो. तिथे काय तयार झालं? ऱ्होडियमचं अल्किल! तिथून अल्केन सुटलं की ऱ्होडियम पुन्हा एकवर येतं. म्हणजे उत्प्रेरकात अल्किल टिकून चालत नाही आणि टंगस्टनवर ते टिकायलाच हवं. बीटा हायड्रोजनची वाट तर हायड्रोजन अल्कीनवर सरकतो त्याच पायरीची उलटी दिशा आहे. तास या एका प्रश्नावर बेता, तुकडे पडणार नाहीत.

आकाराबद्दल: टंगस्टनची ऑक्सिडेशन अवस्था इथे अधिक सहा, म्हणजे डी-शून्य (डी ऑर्बिटलमध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही). ऑक्टाहेड्रनमध्ये सिग्मा बंधांच्या कामी दोनच डी ऑर्बिटल येतात. प्रिझममध्ये उरलेल्यांनाही वाटा मिळतो, आणि मिथाइल लहान असल्याने गर्दीचा तोटा परवडतो. शेजारी टंगस्टन हेक्झाफ्लोराइड नक्की दाखवा. तेही डी-शून्य, पण ऑक्टाहेड्रल. फ्लोरिन पाय-इलेक्ट्रॉनही देतो आणि फ्लोरिनांचं आपसातलं अपकर्षणही जास्त.

धागाकर्ती

मनापासून आभार! चक्र आणि त्यातली उलटी पायरी एकाच फळ्यावर घेते. आता एवढंच सांगा, डी ऑर्बिटलचा भाग कॅरॅक्टर टेबलशिवाय (ग्रुप थिअरीतल्या सममितीच्या तक्त्याशिवाय) दाखवायला कुणाकडे चांगली आकृती किंवा मॉडेल आहे का? आमच्या मुलांना ग्रुप थिअरी अजून शिकवलेली नाही.