शब्दचर्चा: 'थोडी ओल आहे आणि एक-दोन वाशांना कीड'

मूळ प्रश्न

राजापूर तालुक्यात एक जुनं कौलारू घर बघून आलो. जांभ्याच्या चिऱ्यांचं, माळ्याचं, पुढे पडवी, मागे न्हाणीघर आणि त्यामागे डोंगर. मालकांनी अगदी प्रामाणिक चेहऱ्याने सांगितलं, "पावसाळ्यात थोडी ओल असते आणि एक-दोन वाशांना कीड आहे. बाकी घर टणक." परतताना गाडीत बायकोने विचारलं, "ओल म्हणजे कुठली? आणि कीड म्हणजे कोण?" मला उत्तर देता येईना. मी पोटासाठी भाषांतरं करतो, म्हणून जास्तच लाज वाटली.

एका कोशात 'लाकूडकिडा' असा शब्द सापडला. हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. सुतार काय म्हणतो? गवंडी काय म्हणतो? तुमच्याकडे जे बोलतात तेच सांगा, कोशातलं नको.

ता. क. मालकांनी पोहे-चहा केला होता. तो घेऊन झाल्यावर मी टॉर्च मारून वर बघत एकेक वासा मोजला. खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणजे काय ते त्या दिवशी शब्दशः कळलं.

देवगडकडून

'कीड' या शब्दात मालकांनी दोन वेगळे चोर एकत्र बांधून दिलेत. वाळवी वेगळी, भिरूड वेगळा. आंब्याच्या खोडात शिरतो त्यालाही आम्ही भिरूडच म्हणतो आणि घरातलं लाकूड पोखरणाऱ्यालाही. शास्त्रात ते वेगवेगळे भुंगे असतील, सुताराला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

ओळखायचं कसं? वाळवी मातीतून येते. भिंतीवरून, खांबावरून तिच्या मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसतात, त्याला 'वाळवीनं माती चढवली' म्हणतात. ती आतून खाते आणि वरची साल तशीच ठेवते. वासा दिसायला अखंड, टकटक केलं तर बद्द आवाज, आणि पेचकस टोचला की मुठीपर्यंत आत. 'बडा घर पोकळ वासा' हा वाळवीचा वासा आहे, भिरुडाचा नव्हे. भिरूड लपवत नाही. बारीक गोल भोकं पाडतो आणि खाली पीठ सांडतो. सुतार 'भुसा' म्हणत नाही, 'पीठ पडतंय का' असंच विचारतो, कारण ते चिमटीत धरलं तर मैद्यासारखं लागतं. भुसा करवतीचा.

आमच्या घरी माळ्याच्या तुळईला भोकं दिसली तेव्हा वडील घाबरले होते. म्हाताऱ्या सुताराने बोट फिरवलं आणि म्हणाला, "वाळवी न्हय, भिरूड लागलो हा. तोय जुनो." भोकांच्या कडा काळवंडलेल्या होत्या म्हणून जुना. ताज्या भोकाची कड पांढरट, नुकत्या तासलेल्या लाकडासारखी असते. तुळई सागाची होती. सागाचा किंवा फणसाचा गाभा सहसा कोणी खात नाही, बाहेरचा पांढरा भाग मात्र खातात. आमच्या तुळईचा दीड बोट पांढरा भाग गेला होता, गाभा शाबूत. सुताराने ते तासून काढलं, काजूच्या टरफलाचं तेल दोन हात दिलं, आणि त्याला आता पंचवीस वर्षं झाली.

तुमचे वासे कसले आहेत ते विचारलंत का? आंब्याचे असतील तर गोष्ट वेगळी.

खानदेशातून

आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात. शेजारी गुजरातीतही उधईच. भिंतीवर पांढरा खार फुटतो त्याला 'लोणा लागला'. बाकी आमच्या गावात ओलीचं दुःख कोकणाएवढं नाही, आमचं दुःख वेगळं.

रत्नागिरीहून, ओलीबद्दल

कीडपुराण झालं, आता ओल. या शब्दाची मजा अशी की तो मुळात वाईट नाही. शेतकऱ्याला ओल हवी असते. जमिनीत ओल असते आणि भिंतीला ओल येते, एवढ्या प्रत्ययाने सोन्याची माती होते. आणि 'ओलावा' म्हटलं की आणखी वर चढलो. तुमचे मालक 'घरात ओलावा आहे' म्हणाले असते तर तुम्ही माणसं चांगली आहेत असं समजून बयाणा देऊन आला असतात.

घराच्या ओलीत नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं. ओल चढली की उतरली, हे गवंड्याला पहिल्यांदा सांगायचं. चढलेली ओल जोत्यातून येते. जांभा सच्छिद्र दगड, वात तेल ओढते तसं पाणी वर ओढतो. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत सलग पट्टा दिसतो, वरच्या काठाला खार फुटतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. उतरलेली ओल कौलातून. फुटकं कौल, सरकलेली रीप, किंवा भिंत आणि छपराच्या सांध्यातून. तिचा डाग वरून खाली लांबट येतो, आणि तिथलाच वासा कुजतो.

आढ्याचं पाणी वळचणीला जायचं ही पाण्याची रीत. पण वळचणीखाली चर नसेल तर पागोळ्यांचं पाणी जोत्याशी तुंबतं आणि तिथून भिंतीत वर चढायला लागतं. म्हणजे वळचणीचं पाणी उलटं निघालं! आढ्यापर्यंत पोचत नाही, पण कमरेपर्यंत पोचतं. माझ्या आजोळी हेच झालं. कुणीतरी सल्ला दिला म्हणून खालच्या भागाला सिमेंटचा जाड गिलावा मारला, 'ओल मारून दिली' म्हणाले. मेली नाही. जुन्या चुन्यातून ती निदान बाहेर सुकत होती, सिमेंटखाली कोंडली आणि पुढच्या पावसाळ्यात एक हात आणखी वर गेली, थेट देव्हाऱ्याच्या फळीला. शेवटी सिमेंट खरवडून चुना केला आणि भिंतीच्या कडेने चर खणला. खरं औषध चरच होतं, खर्चही त्याचाच सगळ्यात कमी आला.

तिसरा प्रकार पाझर. तुम्ही 'मागे डोंगर' लिहिलंय म्हणून सांगते. डोंगर कापून घर बसवलं असेल तर मागच्या भिंतीला डोंगरातलं पाणी येऊन टेकतं. ती भिंत ओली होत नाही, ती पाझरते. हात लावला तर पाणी हाताला लागतं. कौलं बदलून किंवा रंग देऊन त्याचं काही होत नाही.

आणि सादळणं हे भिंतीचं नाहीच, वस्तूंचं. पापड सादळतात, मीठ, काडेपेटी, कपाटातली पुस्तकं सादळतात. 'भिंत सादळली' आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे सादळणारच, त्यात घराचा दोष नाही. हवा दमट, लादी सर्द. वासाचेही दोन शब्द वेगळे ठेवा. खोली कोंदट असेल तर खिडक्या उघडल्या की प्रश्न मिटतो. कुबट असेल तर खिडक्या उघडून दोन दिवस झाले तरी वास राहतो, म्हणजे कुठेतरी बुरशी धरलेली आहे.

संस्कृतच्या बाजूने थोडं

लाकूड पोखरणाऱ्या किड्याला संस्कृतात 'घुण' असा नेमका शब्द आहे. हिंदीत 'घुन' रोजच्या बोलण्यात राहिला. मराठीत तो आपण 'घुणाक्षरन्याया'पुरता ठेवला. किडा लाकूड कोरत जातो, त्या रेघांतून चुकून एखादं अक्षर उमटतं, पण म्हणून किड्याला लिहिता येतं असं नाही. धान्याच्या किड्यांना मात्र आपल्याकडे नावंच नावं आहेत, सोंडे, टोके, पोरकिडे. लाकडापेक्षा दाणा जवळचा, दुसरं काय.

आणखी एक. वाळवी शब्दात 'वाळ' ऐकू येतं म्हणून कुणी ती कोरडी जागा शोधते असं समजू नये. मातीतून येणारी वाळवी ओलीशिवाय जगत नाही. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात त्यात तीही असते, नव्या घराच्या शोधात निघालेली. म्हणजे मूळ प्रश्नातल्या दोन तक्रारी दोन नसून बरेचदा एकच असतात.

इंग्लंडहून

इकडे जुनं घर घेताना तपासनीसाचा अहवाल मिळतो. सामान्य माणूस एकच शब्द वापरतो, पण अहवालात तीन ओली वेगळ्या लिहिलेल्या असतात: जमिनीतून चढलेली, भिंतीतून आत शिरलेली, आणि गार काचेवर किंवा भिंतीवर हवेतली वाफ जमून आलेली. तिसऱ्याला वरच्या ताईंनी शब्द दिला नाही, पण आपल्याकडे आहे. लादीला घाम येतो! मृगाच्या आधी आमच्या मालवणच्या घरात आई रोज म्हणायची.

लाकडाबद्दल: इकडच्या लोकप्रिय नावात 'अळी' आहे, आणि खातेही अळीच, दोन-चार वर्षं आत राहून. भोक मात्र तिचा भुंगा झाल्यावर बाहेर पडताना पडतं. म्हणजे भोक दिसलं तेव्हा तो गेलेला असतो. प्रश्न आत त्याची भावंडं आहेत का, एवढाच. ते कळायला खाली कागद पसरून ठेवा आणि त्यावर नवं पीठ पडतंय का बघा, असं इथले सांगतात.

इथल्या जुन्या ओक लाकडात आणखी एक भुंगा असतो, तो जोडीदाराला बोलवायला डोकं लाकडावर आपटतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागणाऱ्यांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून त्याच्या नावातच मरण आलं. आपल्याकडे ते खातं पालीकडे आहे, पण ती बिचारी चुकचुकते तेव्हा निदान 'सत्य आहे' तरी म्हणतात.

एक तिरकस प्रतिसाद

एवढे शब्द कोण वापरतो हो? आमच्या सोसायटीत छत गळलं तरी 'लीकेज', भिंत ओली झाली तरी 'लीकेज', आणि पेस्ट कंट्रोलवाला झुरळापासून वाळवीपर्यंत सगळ्याला 'प्रॉब्लेम' म्हणतो.

रत्नागिरीहून, परत

म्हणूनच तुमच्या सोसायटीत दर वर्षी गच्चीवर पैसे ओततात आणि ओल न्हाणीघराच्या नळातून येत असते.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. गेल्या शनिवारी पुन्हा जाऊन आलो. वासे बावीस, तिघांना भोकं. तिन्हीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली, कोपऱ्यांवर चिरे ठेवले आणि मालकांना विनंती केली की आठ दिवस तिथे झाडू नका. काल त्यांनी फोटो पाठवले. दोन कागद स्वच्छ. तिसऱ्यावर, अगदी दोन चिमटी, पीठ. तो वासा कौलातून ओल उतरते त्याच कोपऱ्यातला. वासे किंजळाचे आहेत, तो तिसरा मात्र आंब्याचा, नंतर कधीतरी बदललेला. हे मालकांना स्वतःलाच आठवलं, लाकूड कसलं असं विचारल्यावर.

मग फोनवर म्हटलं, "ओल आहे म्हणालात ती चढते की उतरते?"

"दोन्ही थोडी थोडी."

"आणि मागची भिंत पाझरते का?"

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "पाझरते. पण ऑगस्टातच."

देवगडकडून

मग ऑगस्टात जा.