अनुभव धागा: ताकद वाढवली, आता गाडी थंड कशी ठेवलीत?

मंडळी, माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर. मूळ ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ एनएम. दीड वर्षापूर्वी रिमॅप केला (इंजिनच्या संगणकातलं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवली) आणि डाउनपाईप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाईप) बदलला. पुण्यातल्या रोजच्या वापरात काहीच जाणवलं नाही. मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. बाहेर ३८ अंश, एसी चालू, खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे रांगेत. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा नेहमीसारखा नव्वदवर स्थिर. ओबीडी स्कॅनर (इंजिनचे खरे आकडे दाखवणारं यंत्र) लावलेला होता म्हणून कळलं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) १०९ला पोचलं होतं. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला, तेव्हा कुठे १०१वर उतरलं.

घरी आल्यावर अॅल्युमिनियम रेडिएटरच्या किमती बघत बसलो आणि मग स्वतःला थांबवलं. जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि तिसरा रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो, असा जुना हिशोब आहे. ताकद वाढली की रेडिएटरचा हिस्साही वाढणार, हे मला रिमॅपच्या वेळीच सुचायला हवं होतं. पण अडकतंय नेमकं कुठे? रेडिएटरमध्ये, हवेत, पाण्यात की आणखी कुठे?

ज्यांनी कूलिंगच्या कामाला हात घातलाय त्यांनी लिहा. काय बसवलं, आधी आकडा किती होता, नंतर किती झाला, कुठल्या रस्त्यावर तपासला. फसलेले प्रयोग तर नक्कीच लिहा.

नाशिक, ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०

पहिल्यांदा काट्याबद्दल. बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम नव्वदवर धरून ठेवलेला असतो. आत ८० असो की १०५, तो हलत नाही. तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्कॅनर लावलात हे उत्तम केलंत.

माझी अडचण कूलंटची नव्हती, इनटेकच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची होती. कसारा घाट चढताना दोनतीनदा जोरात ओढली की इनटेकची हवा ६२ अंशांवर जायची. इतकी गरम हवा दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो), मग ताकद कुठे गेली हे शोधत बसायचं. मोठा बार-प्लेट कोअरचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) बसवला. हवा ४५वर आली. आठवडाभर अगदी खुशीत होतो.

मग लक्षात आलं की पूर्वी ९५ला राहणारं कूलंट आता १०६ला जातंय. माझ्या गाडीत रेडिएटर सगळ्यात मागे. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर आणि हा नवा जाडजूड इंटरकूलर. दोघांची उष्णता घेऊन आलेली, वेग मंदावलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला येत होती. म्हणजे एक दुखणं बरं करताना मी दुसरं ओढवून घेतलं होतं.

बार-प्लेट कोअर जड असतो. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो. सरळ पट्टीवर १० सेकंद ओढायची असेल तर चांगला. घाटात अर्धा तास सलग चढायचं असेल तर हलका ट्यूब-फिन बरा, तो मागच्या रेडिएटरला हवाही जास्त सोडतो. मी शेवटी तोच बसवला. आता इनटेक ४९, कूलंट ९८. चार अंश सोडले आणि आठ मिळवले.

कोल्हापूर, एस्टीम १.३, टर्बो

आमच्यात गाडी पळवायचा नाद जुना आहे, त्यामुळं सल्ले भरपूर मिळतात. माझी एस्टीम तापायला लागल्यावर पहिला सल्ला मिळाला, थर्मोस्टॅट काढून टाक. काढला. सकाळी गाडी गरमच होईना, पेट्रोल जास्त खायला लागली आणि आंबोली घाटात तापायची ती तापलीच. थर्मोस्टॅट फक्त पाणी कधी सोडायचं ते ठरवतो. रेडिएटरची ताकद त्यानं वाढत नाही. कमी अंशाचा थर्मोस्टॅट घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा. गाडीला थंड व्हायला थोडी आधी सुरुवात होते, एवढंच.

दुसरा सल्ला, मोठा रेडिएटर. दुसऱ्या गाडीचा आणला, ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवला, पंधरा दिवस त्यातच गेले. तरी पाणी बाटलीत उकळल्यासारखं वर यायचं. शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी थंड असताना झाकण काढलं, इंजिन सुरू केलं आणि फक्त बघत उभे राहिले. बारीक बुडबुडे येत होते, थांबतच नव्हते. मग निळं द्रव असलेली काचेची नळी तोंडावर धरली. थोड्या वेळात निळ्याचं पिवळं झालं. पाण्यात जळलेला गॅस येत होता, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) गेलेलं. गाडी तापत होती म्हणून गॅस्केट गेलं असं मी समजत होतो. झालं होतं उलटं. बूस्टमुळं, म्हणजे टर्बोच्या दाबामुळं, गॅस्केट आधी गेलं आणि गॅस पाण्यात शिरून गाडी तापायला लागली.

हेड काढून पट्टी आणि फिलर गेज लावलं, मधोमध बाक होता. फेसिंग करून (हेड घासून सपाट करून) घेतलं, चांगलं मेटल गॅस्केट टाकलं आणि बूस्ट कमी केला. जुना रेडिएटर परत बसवलाय. आजही तोच आहे.

कॅलिफोर्निया, माझ्दा मियाटा १९९२, टर्बो

मी मूळची सांगलीची. बेकर्सफील्डजवळच्या बटनविलो ट्रॅकवर गाडी चालवते. उन्हाळ्यात तिथे ४० अंश सहज असतात आणि एक सेशन २० मिनिटांचं. पहिल्या वर्षी माझं एकही सेशन पूर्ण झालं नाही. सात-आठ मिनिटांत ११५ दिसायचं आणि मी पिटमध्ये परत.

मीही रेडिएटरपासूनच सुरुवात केली. जाड अॅल्युमिनियमचा बसवला, तीन अंशांचा फरक पडला. मग एका जुन्याजाणत्या ट्रॅकवाल्याने बॉनेट उघडून रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हात घातला आणि म्हणाला, हवा इथून पळतेय. हवा नेहमी सोपी वाट धरते. बाजूला चार बोटांची फट असेल तर ती फिन्समधून कशाला जाईल? पत्रा कापून नाकापासून रेडिएटरपर्यंत बंद वाट केली, कडांना फोम लावला, खालचं कव्हर पुन्हा बसवलं. आठ अंश कमी झाले, तेही रेडिएटरच्या किमतीच्या दहाव्या भागात.

खालचं कव्हर काढलं की हवा खेळती राहते असं पुष्कळजणांना वाटतं. हवा रेडिएटरमधून जायला पुढे दाब जास्त आणि मागे कमी लागतो. कव्हर नसलं की गाडीखालची हवा इंजिनच्या खोलीत घुसते आणि तो फरकच उरत नाही. बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचलण्याचंही तसंच. समोरच्या काचेच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत येते. मी तो प्रयोग केला होता, दोन सेशननंतर वॉशर काढले. रेडिएटरच्या लगेच मागे बॉनेटला झडपा पाडल्या, त्यांचा उपयोग झाला.

शेवटचं काम या इंजिनापुरतं खास. हे इंजिन माझ्दाच्या ३२३ या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीच्या घराण्यातलं, तिथे ते आडवं बसायचं. मियाटात ते लांबीने बसवलं आणि जागेसाठी पाण्याची बाहेर जायची वाट पुढे आणली. पाणी पुढून आत, पुढूनच बाहेर. सगळ्यात मागचं चौथं सिलिंडर त्यामुळे उपाशी राहतं. थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेऊन तिथून लांब होस रेडिएटरपर्यंत आणला, म्हणजे पाण्याला चारही सिलिंडर ओलांडूनच बाहेर पडावं लागतं. मागच्या टोकाच्या सेन्सरवर सहा अंश उतरले. आता वीस मिनिटं पूर्ण होतात, १०२च्या वर जात नाही.

ठाणे

थोडक्यात सांगतो. दोन इलेक्ट्रिक फॅन बसवून घेतले, गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. एका फॅनची वायर उलटी जोडलेली निघाली. एक हवा ओढत होता, दुसरा ढकलत होता. फॅन चालू करून जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला पाहिजे, उडता कामा नये. आणि हायवेला ८०-१००च्या वेगात तापत असेल तर फॅनवर खर्च करू नका, त्या वेगात हवा आपोआप येते. फॅनचं काम सिग्नलला आणि रांगेत.

कोलोन, गोल्फ आर

इथून नॉर्डश्लायफे (न्युर्बुर्गरिंगचा जुना रेस ट्रॅक) जवळ आहे, उन्हाळ्यात महिन्यातून एखादी फेरी होते. २०.८३२ किलोमीटरची एक फेरी आणि साधारण ३०० मीटरचा चढउतार. बेर्गवेर्कच्या वळणानंतर केसेलखेनचा लांब चढ लागतो, तिथे पाय उचलायचा नसतो. माझं कूलंट तिथे शांत असायचं, पण इंजिन ऑइल १३५ दाखवायचं. पाण्याचा आकडा चांगला म्हणून मी दोन वर्षं निर्धास्त होतो, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सँडविच प्लेटवर (इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये बसते ती) वेगळा ऑइल कूलर बसवला. प्लेट थर्मोस्टॅटवालीच घ्या, तेल ८० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत कूलरकडे जाऊ न देणारी. नाहीतर इथल्या हिवाळ्यात तेल कधीच तापत नाही आणि त्यातली वाफ तेलातच राहते. आता चढावर ११५.

लातूर

पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी भरतात आणि वरून थोडं कूलंट. दोन उन्हाळ्यांत माझ्या रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसला होता, किटलीत बसतो तसा. नवा रेडिएटर घेऊन त्यात तेच पाणी भरलं तर पैसे वाया. डिस्टिल्ड पाणी वापरा. हिरवं आणि गुलाबी कूलंट नुसत्या रंगावर भरवसा ठेवून एकत्र करू नका, काही मिश्रणांचा गाळ होतो.

कराड

लातूरकरांच्या मागोमाग एक विनवणी. रेडिएटरचं झाकण. १.१ बारच्या झाकणाखाली पाणी १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब क्षणात जातो आणि ११० अंशांचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन उसळतं. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत त्याची खूण आहे. वडील शेजारी उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर उडालं नाही हे नशीब. वरचा होस हाताने दाबून बघा. कडक लागला तर थांबा, कितीही घाई असली तरी.

पुणे, पोलो (धागा सुरू करणारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅलिफोर्नियाच्या ताईंचं वाचून रविवारी गाडी रॅम्पवर घेतली. डाउनपाईप बसवताना ज्या गॅरेजने खालचं कव्हर काढलं होतं, त्यांनी ते अर्ध्याच क्लिपांवर अडकवलं होतं, मधला भाग लोंबत होता. रेडिएटरच्या डाव्या बाजूची रबरी पट्टी गायबच. क्लिपा घेतल्या, आणि एसीवाले डक्टला लावतात तो काळा फोम कापून कडांना चिकटवला. खर्च पाचशेच्या आत. काल पुन्हा खंबाटकी, पुन्हा ट्रकांच्या मागे, एसी चालू. कमाल आकडा ९९! दहा अंश उतरले.

नाशिक

अभिनंदन. काल बाहेरचं तापमान किती होतं?

पुणे, पोलो

३१. पाऊस नुकताच येऊन गेला होता.

नाशिक

मग सात अंश त्यातून वजा करा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना बाहेरची हवा जितकी चढते, कूलंट साधारण तितकंच वर जातं. मे महिन्यात हाच आकडा १०६ दिसेल. तुमच्या फोमने आणि क्लिपांनी तीन अंश दिले. इनटेकच्या हवेची नोंद आहे का?

पुणे, पोलो

नाही घेतली. येत्या रविवारी परत जातो, दोन्ही आकडे लिहून आणतो.