मदत हवी आहे: चिकण कण सारखेच, मग एका मातीची ताकद इतकी कमी का?

शेततळे_उत्तरसोलापूर: बांधासाठी दोन जागची माती तपासून घेतली. दोन्हींत २ मायक्रॉनहून बारीक कण ४८ टक्के असूनही एकीचा घर्षणकोन (माती सरकण्याला किती अडवते त्याचे माप) १६ अंश आणि दुसरीचा ९ अंश आला. जेसीबी परवा येणार आहे, कृपया लवकर सांगावे.

मोजपट्टी: कोणती चाचणी, माती भिजवलेली होती का, आणि हे आकडे पहिल्या कमाल ताकदीचे आहेत की पुष्कळ सरकवल्यानंतरचे? लिक्विड लिमिटही (किती टक्के पाण्याला माती वाहू लागते) द्या.

चुनाभट्टी: एवढा खल कशाला? चार टक्के चुना मिसळा. आमच्या गोठ्याची जमीन त्यानेच बसली.

मोजपट्टी: दादा, त्यांनी कारण विचारले आहे. शिवाय मातीत सल्फेट असेल, तर चुन्यानेच ती फुगू शकते. ते तपासल्याशिवाय असा सल्ला देऊ नये.

शेततळे_उत्तरसोलापूर: हे अहवालात होते, म्हणून लिहिले नाही. डायरेक्ट शिअर चाचणी (मातीचा वरचा अर्धा खालच्यावर सरकवून ताकद मोजतात ती), भिजवलेली माती, पुढे-मागे अनेकदा सरकवून. शेतातल्या काळ्या मातीचे लिक्विड लिमिट ९४, प्लॅस्टिक लिमिट (याहून कमी पाण्यात माती वळता न येता तुटते) ३२. गावठाणाजवळच्या पांढऱ्या मातीचे ४८ आणि २६.

जुना_ओव्हरसियर: उत्तर याच आकड्यांत आहे. प्लॅस्टिसिटी इंडेक्सला, म्हणजे लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिटमधल्या फरकाला, चिकण कणांच्या टक्केवारीने भागा: काळीचे १.२९, पांढरीचे ०.४६. मृदा-अभियंते स्केम्प्टन यांनी १९५३ मध्ये या गुणोत्तराला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हटले, आणि १.२५ च्या वरची माती सक्रिय धरली. आपल्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे चिकण खनिज जास्त असते. त्याचे अतिपातळ पापुद्रे पाणी धरून ठेवतात आणि माती सरकू लागली की एका दिशेने निजतात, त्यामुळे घर्षण फार थोडे उरते. चिकण कण पाव भागाहून कमी असतील, तर वाळू-पोयट्याचे कण एकमेकांना अडवतात. ते निम्म्याच्या आसपास गेले की ताकद खनिजच ठरवते, म्हणून केवळ टक्केवारी पाहून माती निवडू नये.

धाब्याचे_घर: आमच्या आजोबांनी धाब्यावर पांढरीच घातली होती, पावसाळ्यात थेंब गळत नसे.

शेततळे_उत्तरसोलापूर: मग उतार ९ अंश धरून काढू का?

जुना_ओव्हरसियर: नाही. ९ अंश ही आधीच घसरलेल्या पृष्ठाची उरलेली ताकद आहे. नव्याने दाबलेल्या बांधात तसे पृष्ठ नसेल, तर काळी माती भिजून पूर्ण सैल झाल्यावरची ताकद मोजून घ्या आणि त्यावर उतार ठरवा. तोवर जेसीबी थांबवा.