शब्दचर्चा: तलवारीची 'खणाखणी' की 'एक घाव दोन तुकडे'?

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्री जेवण झालं की लॅपटॉपवर जपानी ॲनिमेशनचे ते तलवारबाजीचे पिक्चर लावून बसतो. परवा मी सहज म्हटलं काय रे अजून कार्टून बघतोस, तर केवढा चिडला. म्हणाला आई एकदा शेजारी बस आणि मग काय ते बोल. बसले. पहिल्या दहा मिनिटांत हात तुटला, रक्त उडालं, मी उठून ओट्याशी गेले, पण आवाज येत होता म्हणून परत आले आणि शेवटपर्यंत बघितलं, का ते मलाच सांगता येत नाहीये. तर इथल्या जाणकारांना विचारते. ह्या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? मुलगा 'चानबारा' म्हणतो. 'प्रौढांसाठी' म्हटलं की वेगळाच अर्थ निघतो. आणि हे असलं रक्ताचं आवडणं, त्याला 'चटक' म्हणायचं का 'ओढ'?

– – –

ताई, मुलगा चिडला ते बरोबरच आहे. कार्टून म्हटलं की आपल्याला शाळेतून आल्यावर जेवताना लावायची गोष्ट आठवते. जपानीतला 'आनिमे' हा ॲनिमेशन ह्या शब्दाचाच तोडलेला तुकडा आहे आणि तिकडे लहानांचं असो, मोठ्यांचं असो, सगळ्याला आनिमेच म्हणतात, त्यात वयाचा काही संबंध नाही, वय आपण चिकटवलं.

आता चानबारा. हा शब्द मला फार आवडतो कारण तो आवाजातून आलाय. 'चान चान बारा बारा' म्हणजे तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज, त्याचं छोटं करून चानबारा. तिकडची पोरं काठ्या घेऊन लुटुपुटूची लढाई खेळतात तोही चानबाराच. म्हणजे शब्दाची घडण थेट आपल्या 'खणाखणी'सारखी आहे. जपानी आणि मराठी ह्या दोन्ही भाषा असल्या नादशब्दांनी भरलेल्या आहेत, आपल्याकडे सपकन, सपासप, खचकन, कचाकच, आणि तलवार कशी चालली ते शब्दातच ऐकू येतं. तेव्हा माझं मत 'खणाखणीपट'. रक्त जे उडतं त्याला जपानीत 'चिशिबुकी' म्हणतात, चि म्हणजे रक्त आणि शिबुकी म्हणजे तुषार, पण आपला 'चिळकांडी' हा शब्द त्याहून नेमका आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या १९६२ च्या 'सांजुरो' पिक्चरच्या शेवटी एकाच वाराने जी चिळकांडी उडते ती पुढच्या कित्येक तलवारपटांनी डोक्यात ठेवली, आनिमेवाल्यांनीसुद्धा.

– – –

दादा, खणाखणी ऐकायला झकास आहे पण मला पटत नाही, कारण ह्या पिक्चरमधे खणाखणी असते थोडी आणि थांबणं असतं फार. दोघं समोरासमोर उभे, वारा, गवत, कोणी हलत नाही, आणि मग एकच वार. ह्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, 'एक घाव दोन तुकडे'. आपण तो आता मीटिंगमधे वापरतो, काय ते एकदाचं ठरवून टाका ह्या अर्थी, पण इथे तो अक्षरशः खरा होतो. जपान्यांची 'इआइ' नावाची विद्याच आहे, तलवार म्यानातून निघतानाच वार झालेला असतो, निघणं आणि कापणं दोन वेगळ्या क्रिया नाहीत. आणि ते जे थांबणं असतं त्याला 'मा' म्हणतात, दोन गोष्टींमधली मोकळी जागा. शांततेचाही त्यांच्याकडे नादशब्द आहे, 'शीऽऽन', माँगाच्या, म्हणजे जपानी कॉमिक्सच्या, चित्रात चक्क लिहिलेला असतो. आपला 'शुकशुकाट' त्याच जातीचा, सामसूम असते तरी कानाला काहीतरी लागतं. मला विचाराल तर ओढ ह्या शुकशुकाटाची आहे, रक्त हा त्याचा शेवट. नुसतं रक्तच हवं असतं तर इतका वेळ थांबून कोण बसलं असतं?

– – –

मी लहानपणी तालमीत लाठी आणि दांडपट्टा शिकलोय म्हणून हत्याराच्या शब्दांबद्दल थोडं लिहितो, सबटायटलचं मराठी करताना लोक 'तलवार काढली, तलवार ठेवली' एवढ्यावर भागवतात त्याचं वाईट वाटतं. तलवार 'उपसतात', हवेत 'परजतात', परत ठेवली की 'म्यान करतात'. उभं राहण्याची जी पद्धत तिला जपानीत 'कामाए', आपल्याकडे 'पवित्रा', जो आता पेपरात फक्त पुढाऱ्यांचा आक्रमक पवित्रा म्हणून उरलाय. आणि पोलादाला 'पाणी देणं'. जपानी कारागीर पात्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, मग तापवून पाण्यात बुडवतात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ त्या मानाने मऊ राहते, धारेजवळ ती लाटेसारखी रेघ उमटते तिला 'हामोन' म्हणतात. आनिमेत ती रेघ बऱ्याचदा काढलेली असते, बघा लक्ष देऊन. एवढ्या कडक धारेवर धार आपटली तर कपची उडते, म्हणून खरी खणाखणी सिनेमात जास्त. त्यांच्या भाषेत चुरशीला 'शिनोगि घासणं' म्हणतात, शिनोगि म्हणजे पात्याच्या अंगावरचा उंचवटा, धार नव्हे.

म्यानावरून अजून एक. नवराबायकोचं भांडण मिटून परत एकत्र आले की जपानीत म्हणतात 'मूळच्या म्यानात परत बसले'. आणि आपण म्हणतो एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. म्यान तेच, आपण त्यात भांडण बघितलं आणि त्यांनी घर.

– – –

सगळ्यांना धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही बघितला तो २००७ चा 'सोर्ड ऑफ द स्ट्रेंजर', बोन्स स्टुडिओचा. त्यातल्या माणसाने तलवार म्यानाला बांधून ठेवलेली असते, मारामारी झाली तरी म्यानासकट मारतो. मुलगा म्हणाला त्याचं नाव 'नानाशी', म्हणजे नाव नसलेला. मी लगेच म्हटलं 'निनावी'. पण मग प्रौढांसाठी ह्याचं काय करायचं?

– – –

ताई, 'मोठ्यांचं' एवढं साधं का नको? आपल्याकडे वर्षानुवर्षं पोस्टरवर 'फक्त प्रौढांसाठी' छापून तो शब्द बदनाम झालाय. पण एक गोष्ट मनापासून लिहिते. मोठ्यांचं म्हणून जे काही दाखवलंय ते सगळं मी चांगलं म्हणणार नाही. दिग्दर्शक योशिआकी कावाजिरींचा १९९३ चा 'निंजा स्क्रोल' घ्या, रंग निळे काळे, एकेक लढाई वेगळ्या कल्पनेची, मी तो चारपाच वेळा बघितलाय. त्यातली कागेरो म्हणजे शब्दशः आपली विषकन्या, जो तिला जवळ घेईल तो मरणार. कागेरो ह्या नावाचा अर्थ उन्हात तापलेल्या जमिनीवर हवा थरथरताना दिसते ती, हात लावायला गेलं की काही नाही. इतकं सुंदर नाव दिलं आणि त्याच बाईवरचा अत्याचार असा रेंगाळून दाखवलाय की मी दर वेळी तो भाग पुढे ढकलते. तिथे धाडस नाही, तिथे नुसती 'चटक' आहे, बघणाऱ्याची जीभ चाळवायची. तुमच्या प्रश्नातले दोन्ही शब्द लागतात ताई, एकाच पिक्चरमधे लागतात.

ह्याच्या उलट 'रुरोउनी केनशिन'चे १९९९ चे चार भाग. रुरोउनी हा मुळात जपानीत नसलेला शब्द, 'रुरो' म्हणजे भटकंती आणि 'रोनिन' म्हणजे धनी नसलेला सामुराई ह्या दोहोंचा मिळून केलेला, आपण 'भटक्या' म्हणतो पण त्यात धनी गेल्याचं दुःख येत नाही. ते चार भागही रक्ताने भरलेत, क्योतोच्या गल्ल्यांत एक पोरगा रात्री हुकुमाने माणसं मारतोय, पण प्रत्येक मेलेल्या माणसाचं कुणीतरी मागे उरतं आणि ते उरलेलं माणूस त्याच्यासमोर येऊन उभं राहतं. शाळेत आपण नऊ रस पाठ केले, वीर आणि बीभत्स एका ओळीत म्हणून टाकले. इथे बीभत्स बघता बघता करुण कधी झाला ते कळत नाही.

– – –

काल मीच मुलाला म्हटलं तो 'स्ट्रेंजर' परत लाव. शेवटी बर्फात, ती तलवार म्यानातून सुटते तिथे थांबवायला लावलं आणि विचारलं, आता मराठीत सांग, ह्याने तलवार काढली का उपसली? त्याला उपसणं म्हणजे विहीर उपसणं एवढंच माहीत होतं. दोन मिनिटं विचार केला. म्हणाला, इतका वेळ आत दाबून ठेवली होती ना, मग उपसलीच.