बर्चच्या पानांचा चहा कुणी घेतलाय का?

टाम्पेरेकर: सध्या फिनलंडमध्ये आहोत, घरामागे सगळी सिल्व्हर बर्चची झाडं. शेजारच्या आजी कोवळी पानं वाळवून चहा करतात, म्हणतात लघवी साफ होते, सांधेदुखीलाही बरा. आई आलीये इकडे, बीपीची गोळी चालूये आणि पायावर सूज येते तिच्या, तिला देऊ का?

रानवेडा: थांबा जरा! चहा मूत्रल आहे हे खरं, युरोपच्या औषध नियामकानेही मूत्रमार्ग धुवून निघायला पारंपरिक वापर म्हणून मान्य केलाय, पण सूज हार्ट किंवा किडनीमुळे असेल तर हा चहा चालत नाही. आधी डॉक्टर. सांधेदुखीचं म्हणाल तर मला फारसा भरवसा नाही.

जर्मनीची_सून: आणि बर्चच्या परागकणांची ॲलर्जी असेल तर पानांच्या वाटेलाच जाऊ नका, इथे एप्रिलमध्ये अर्धं ऑफिस शिंकत असतं त्यापायी.

टाम्पेरेकर: बरं झालं विचारलं. मग झाडाचा रस तरी?

रानवेडा: रस म्हणजे जवळपास पाणीच हो, साखर जेमतेम १ टक्का. पानं फुटायच्या आधी खोडाला भोक पाडून काढतात, फ्रीजमध्येही फार दिवस टिकत नाही. फिनलंडमध्ये त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते, पानं तोडायलाही, बेरी वेचण्यासारखं मोकळं रान नाही ते.

औषधीबाई: खरं औषध सालीत आहे. सालीच्या अर्काचं जेल २०२२मध्ये युरोपात मंजूर झालं, एपिडर्मोलिसिस बुलोसा या त्वचेच्या दुर्मिळ आजारातल्या जखमांसाठी. घरी साल उकळून ते होत नाही बरं का. आपला हिमालयातला भूर्ज याच कुळातला.