बेस्टच्या बसची डागडुजी बेस्टनंच करायला हवी. तुमचं मत काय?

सायनकर

मुंबईच्या रस्त्यावर धावणाऱ्या लाल बसवर नाव बेस्टचं असतं, पण त्यातल्या बहुतेक बस आज बेस्टच्या मालकीच्या नाहीत. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. यालाच वेट लीज म्हणतात. २०१९ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम राखायच्या असं ठरलं होतं. आता स्वतःच्या बस हजाराच्याही खाली आल्या आहेत.

बसच्या आजच्या अवस्थेचं मूळ मला इथेच दिसतं. फेब्रुवारी २०२३ आठवा. महिन्याभरात तीन बस पेटल्या आणि एकाच ठेकेदाराच्या ४०० सीएनजी बस बेस्टला एकदम रस्त्यावरून काढाव्या लागल्या. त्या काही पंधरा वर्षं झिजलेल्या बस नव्हत्या. भाड्याच्या बस मुळात २०१८-१९ नंतरच आल्या. म्हणजे ऐन उमेदीतल्या बस, आणि त्या पेटत होत्या.

बेस्टची स्वतःची बस रोज रात्री आगारात आली की चालक लॉगशीटवर तक्रार लिहितो: ब्रेक ओढतोय, स्टिअरिंग जड आहे, मागून वास येतोय. फिटर ती वाचतो, बस खाली घेतो. ठरावीक किलोमीटर भरले की डॉकिंग होतं, म्हणजे बस उभी करून तिची नीट तपासणी. मोठं काम असेल तर दादरच्या कार्यशाळेत इंजिन उतरवून उघडतात. पन्नास वर्षं हे चालू होतं म्हणून बस पंधरा वर्षं टिकत होत्या. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्याला मात्र डॉकिंगसाठी उभी असलेली बस म्हणजे बुडालेली कमाई. तो ती शक्य तितका वेळ रस्त्यावरच ठेवणार. माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, हिशेबच तसा बांधलेला आहे.

म्हणून माझी मागणी: बेस्टनं पुन्हा स्वतःच्या बस घ्याव्यात आणि त्यांची दुरुस्ती स्वतःच्या कार्यशाळेत करावी. विरोधी मतं जरूर लिहा, पण मुद्द्यावर.

हिशेबनीस

सायनकर, आगीचा मुद्दा गंभीर आहे आणि तो मी हलका करणार नाही. पण उपाय पटत नाही.

स्वतःच्या बस म्हणजे चांगली निगा, हे समीकरण बेस्टच्या इतिहासातच टिकत नाही. किंगलाँगच्या त्या जांभळ्या एसी बस बेस्टनं स्वतः विकत घेतल्या होत्या. सतत बंद पडणं आणि तोटा, यामुळे २०१७ मध्ये त्या काढून टाकाव्या लागल्या. त्यांची निगा राखायला आगारं तीच होती, कार्यशाळा तीच होती. बस घेतानाच चुकीची घेतली, तर मालकी कोणाची याला काय अर्थ?

दुसरं म्हणजे पैसा. २०१७ मध्ये बेस्टला कामगारांचा पगार वेळेवर देता येत नव्हता. ऑगस्टमध्ये त्यासाठी संप झाला. पगाराला पैसे नसलेली संस्था स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक लायनर वेळेवर आणेल का? त्यात जुलै २०१९ पासून किमान भाडं ५ रुपये केलं, ते मे २०२५ मध्ये १० होईपर्यंत तसंच राहिलं. प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळालं याचा मला आनंद आहे, पण ती तूट बस बांधणीतून आणि देखभालीतून भरली जाते. ठेक्यात निदान बस विकत घेण्याचं एकरकमी ओझं महापालिकेवर येत नाही. एसी इलेक्ट्रिक मोठी बस एक कोटीच्या पुढे जाते. अशा हजार बस घ्यायला पैसे कुठून आणायचे, तेवढं सांगा.

लंडनची बससेवा आख्खी खासगी कंपन्या चालवतात. बस त्यांच्या, आगारं बहुतेक त्यांची, फिटरही त्यांचे. मार्ग, वेळापत्रक आणि दर्जा मात्र सरकारी संस्था ठरवते आणि दर्जा घसरला की पैसे कापते. तिथे चालतं, म्हणजे ठेका हाच रोग नाही.

आगारवाला

मी दुसऱ्या एका शहराच्या परिवहन सेवेत आगारात नोकरी केली आहे, शहराचं नाव लिहीत नाही. त्यामुळे डॉकिंगबद्दल थोडं लिहितो.

डॉकिंगचा खरा उपयोग दुरुस्तीचा नसतो, बघण्याचा असतो. बस पिटवर, म्हणजे खाली माणूस उभा राहील अशा खड्ड्यावर, घेतली की खालून हात फिरवून बघायचं: होजला तडा गेलाय का, तेल कुठून पाझरतंय, वायर कुठल्या कडेला घासतेय. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये हे फार महत्त्वाचं. मागच्या कप्प्यात धूळ बसते, तेल पाझरून त्या धुळीचा चिकट थर होतो, त्यावर एखादी सोललेली वायर टेकली की पुढे काय होतं ते आपण पेपरात वाचतो. सीएनजीचं नाव उगाच बदनाम होतं. बरेचदा सुरुवात वायरिंगपासून असते. तो थर रोज हवा मारून आणि धुऊन काढावा लागतो. हे काम वीस मिनिटांचं आहे, पण पाळीत माणूस लागतो. माणसं कमी केली की सगळ्यात आधी हेच काम गळतं, कारण ते न केल्याचं त्या दिवशी कोणाला कळत नाही.

आता हे काम ठेकेदाराचा माणूस करू शकतो का? करू शकतो. पण तो दोन वर्षांत सोडून जातो. आमच्याकडे एकेक फिटर वीस वर्षं एकाच आगारात असायचा. कोणती बस वळणावर आवाज करते हे त्याला कागद न बघता ठाऊक असायचं. म्हणून माझं मत सायनकरांच्या बाजूनं झुकतं.

निशिगंध

मी पूर्णपणे विरुद्ध बाजूनं लिहितेय, आणि प्रवासी म्हणून लिहितेय. आईला घेऊन रुग्णालयात जावं लागतं, तिचे दोन्ही गुडघे गेलेत.

जुन्या बसबद्दल इतकं प्रेमानं लिहिलं जातं की त्यात चढणं कसं होतं हे विसरायला होतं. उंच पायऱ्या, दांड्याला लोंबकळून स्वतःला वर ओढायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची जुनी डबलडेकर गेली तेव्हा लोक फोटो काढायला गेले. मलाही ती बस आवडायची. पण आई तिच्यात कधी चढू शकली नाही. नवीन लो-फ्लोअर इलेक्ट्रिक बसची जमीन रस्त्यापासून साधारण ४०० मिलीमीटरवर असते. फुटपाथला नीट लागली तर आई एक पाऊल टाकून आत येते. व्हीलचेअरसाठी फळी असते. या बस ठेक्यातूनच आल्या. बेस्ट स्वतःच्या पैशानं त्या घेईपर्यंत थांबलो असतो तर माझ्या आईचं तेवढं आयुष्य रिक्षावाल्यांच्या नकारात गेलं असतं.

तक्रारी मलाही आहेत. एसी बसला उघडणाऱ्या खिडक्या जवळपास नसतात, त्यामुळे एसी बिघडला की मे महिन्यात आत बसवत नाही. अशी बस मार्गावर काढूच नये, हा नियम हवा. लहान मिडी बसमधली वाट इतकी चिंचोळी की पिशवी घेऊन मागे सरकता येत नाही. पण यातलं काहीही मालकी बदलून सुटत नाही. बस कशी हवी हे नीट लिहून मागितलं तर सुटतं.

चासी_नंबर

निशिगंध यांच्या शेवटच्या वाक्यावर मला थांबायचंय, कारण माझं काम बस बॉडीच्या क्षेत्रातलं आहे आणि या चर्चेत बांधणीचा विषय फक्त ओझरता आलाय.

आपल्याकडे वर्षानुवर्षं बस म्हणजे ट्रकची चासी (इंजिन आणि चाकं असलेला खालचा पाया) आणि तिच्यावर दुसऱ्याच कारखान्यात चढवलेली बॉडी. चासी एकाची, सांगाडा दुसऱ्याचा. हादरे चासीतून वर येतात, सांध्याचे रिबीट सैल होतात, पत्रा वाजायला लागतो. मुंबईत त्यात खारी हवा आणि हिंदमाता, गांधी मार्केट इथलं पावसाळी पाणी. पायऱ्यांच्या खालचा भाग आणि चाकावरचा पत्रा सगळ्यात आधी कुजतो. वरून रंग दिला की तीन वर्षं कळत नाही.

शहरासाठी मुद्दाम घडवलेली बस वेगळी असते. २००८ मध्ये केंद्रानं शहरी बसचे निकष ठरवले आणि पुढच्या वर्षी नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरांना त्याप्रमाणे बस घ्यायला पैसे दिले. जमिनीची उंची, दरवाज्याची रुंदी, मागचं इंजिन, सगळं त्यात होतं. बंगळूरनं त्याच्याही आधी, २००६ मध्ये, महागड्या व्होल्वो शहरसेवेत आणल्या होत्या. लोक म्हणाले, एवढी महाग बस कशाला? पण मोटारीतून जाणारी माणसं त्या बसमध्ये बसली.

अडचण निविदेत आहे. सर्वात कमी दर देईल त्याला काम. दर कमी करायचा तर कुठे करणार? गंजरोधक लेप, वायरिंगचं आवरण, जमिनीची फळी, सीटचे बोल्ट. म्हणजे नेमकं तेच, जे प्रवाशाला पहिल्या दिवशी दिसत नाही. स्वतःची बस असो वा ठेक्याची, निविदा अशीच राहिली तर बस अशीच येईल. सायनकर, या जागी तुमच्याशी माझा मतभेद आहे. कार्यशाळा कितीही चांगली असली तरी गंजलेला सांगाडा ती बरा करू शकत नाही.

सायनकर

चासी_नंबर, निविदेचा मुद्दा मान्य. पण बसची ऑर्डर द्यायला बसलेल्या माणसानं स्वतःच्या कार्यशाळेत कुजलेली पायरी पाहिलेली असेल, तर तो निविदेत पायरीचा पत्रा कोणता हवा ते लिहील. एसटीची दापोडीची कार्यशाळा स्वतः बॉडी बांधत आली, त्यामुळे ॲल्युमिनियमची बॉडी सोडून पोलादी बॉडीकडे जायचं तेव्हा तो विचार करायला घरात माणसं होती. दुरुस्तीच बाहेर दिली की पाच-दहा वर्षांनी मागणी लिहिणाऱ्याकडे ते ज्ञान उरत नाही. मग ठेकेदार जे देईल ते घ्यायचं.

हिशेबनीस, लंडनमध्ये एक कंपनी निघून गेली तर मार्ग घ्यायला दुसऱ्या तयार असतात. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत एकाहून जास्त ठेकेदार दर परवडत नाही म्हणून बस घेऊन निघून गेले, आणि त्या मार्गांवरचे लोक थांब्यावर उभे राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या बसच्या चालकांनी पगारासाठी काम थांबवलं तेव्हाही तेच. २०२२ मध्ये दिलेल्या २,१०० इलेक्ट्रिक बसच्या ठेक्याचा पुरवठा किती रेंगाळला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कुर्ला? डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून माणसं गेली, त्यानंतरही ठेका ठीक आहे असं म्हणायचं?

हिशेबनीस

कुर्ल्याचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. तिथे माणसं गेली, त्याबद्दल बोलताना नेमकं बोलायला हवं. बसचे ब्रेक आरटीओच्या पाहणीत ठीक आढळले. पुढे आलं ते हे की साध्या बसवरून बारा मीटरच्या इलेक्ट्रिक बसवर आलेल्या चालकाला पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. गिअर नाही, क्लच नाही, पाय टेकवला की बस झेपावते. हा देखभालीचा प्रश्न नव्हता. प्रशिक्षण किती दिवसांचं हवं, हे करारात लिहून घेणं बेस्टच्या हातात होतं आणि आहे.

ठेकेदार निघून जातात, कारण दर सुरुवातीला न परवडणारा लावून काम घेतात. चासी_नंबर म्हणतात तीच निविदा. माझी सूचना अशी: किलोमीटरच्या पैशातला काही भाग रोखून ठेवा आणि तो डॉकिंगच्या नोंदी त्रयस्थानं तपासल्यावरच द्या. सायनकर म्हणतात तो उलटा हिशेब यानं सरळ होतो. कराराच्या शेवटच्या दोन वर्षांत कोणी सुटे भाग बदलत नाही, त्यासाठी बस कोणत्या अवस्थेत असायला हवी याची अट आणि तारण रक्कम हवी.

आगारवाला

त्रयस्थ तपासणी कागद तपासते. पिटमध्ये कोण उतरणार? तपासणाऱ्याला बस कळायला हवी, आणि ती कळायला त्यानं स्वतः हात काळे केलेले असावे लागतात.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. इलेक्ट्रिक बसला क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, ब्रेक लायनरही कमी झिजतो. पण बॅटरीचं कूलिंग, जाड केबलचे जोड, पाचशे व्होल्टच्या वरची वीज, हे डिझेलच्या फिटरला शिकवल्याशिवाय हात लावू देता येत नाही. आज हे ज्ञान बस बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांकडे आहे. बेस्टचे जुने फिटर निवृत्त होत चाललेत. पुढची पंधरा वर्षं सगळा ताफा विजेवर असणार, आणि तपासायलाही आपला माणूस नसेल, तर हिशेबनीसांची अट राबवणार कोण? मालकीचं नंतर बघू. निदान प्रत्येक आगारात दहा-बारा माणसं या कामात तयार करा.

निशिगंध

याला माझा पूर्ण पाठिंबा. बस कोणाचीही असू दे, ती सोडायची की नाही हे ठरवणारा माणूस बेस्टचा हवा आणि त्याला बस थांबवायचा अधिकार हवा.

सायनकर

माझी मागणी मी मागे घेत नाही. ताफ्यातला मोठा वाटा स्वतःचा हवा, नाहीतर ठेकेदारानं हात वर केले की शहराच्या हातात काही उरत नाही. पण आगारवाला यांचा मुद्दा आधी तडीस नेण्यासारखा आहे. मी माहिती अधिकाराचा अर्ज करतोय. तीन प्रश्न: इलेक्ट्रिक बसच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेले बेस्टचे स्वतःचे फिटर आगारनिहाय किती, भाड्याच्या बसच्या डॉकिंगच्या नोंदी बेस्टकडे ठेवल्या जातात का, २०२३ च्या तीन आगींच्या चौकशीचा अहवाल. मसुदा उद्या इथे टाकतो.

हिशेबनीस

चौथा प्रश्न जोडा: देखभालीतल्या कसुरीसाठी प्रत्येक ठेकेदाराला दर वर्षी किती दंड लावला आणि त्यातला प्रत्यक्षात किती वसूल झाला. आकडा मोठा निघाला तर माझ्या बाजूनं वापरेन, शून्य निघाला तर तुम्ही वापरा.