मदत हवी आहे : हा सुभद्रेच्या वेषातील भाऊराव कोल्हटकरांचा फोटो आहे का?

माजघर (धागाकर्ता): आजीच्या पेटाऱ्यात नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या नटाचा एक फोटो सापडला असून, ‘सौभद्र’ या संगीत नाटकातील सुभद्रेच्या वेषातील, स्त्रीभूमिका करणारे गायक-नट भाऊराव कोल्हटकर म्हणून तो आमच्या घरात ओळखला जातो. तो आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत छापायचा आहे आणि मजकूर शनिवारी छापखान्यात जाणार आहे. फोटो जोडला आहे. तो त्यांचाच आहे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

रंगपट: एवढ्यावरून ते सांगता येणार नाही. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे का, पुठ्ठ्याची लांबी-रुंदी किती आणि मागे काय छापले आहे? जोडलेल्या प्रतीत आपण कडा कापून टाकल्या आहेत आणि नेमका पुरावा तिथेच असतो.

नांदी: मोजमापांची गरजच नाही. सुभद्रा राजकन्या आहे, ती भरजरी शालूत असणार. इथे साडी पांढरी आणि काठ काळे आहेत. माझ्या पणजीचा असाच एक फोटो आमच्याकडे आहे. ही कोणी गृहिणी आहे, नट नव्हे.

काचपट्टी: नांदी, रंगाचा हा निष्कर्ष टिकणार नाही. त्या काळी फोटो काचेवर टिपत आणि त्या काचांना निळा रंग चटकन टिपता येई, तांबडा मात्र जवळजवळ दिसतच नसे. मी स्वतः ओल्या कोलोडियनची (त्या काळच्या रासायनिक लेपाची) काच तयार करून पैठणीचा फोटो काढला आहे : निळे अंग पांढुरके आले, जरीचा पिवळा काठ काळा पडला आणि कपाळावरचे कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे उमटले. त्यामुळे ही ‘पांढरी’ साडी निळा शालूही असू शकेल. मला खटकते ते वेगळेच आहे. नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर कसा?

माजघर: साडीच्या रंगावर चर्चा करण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. मोबाइलचा मागचा कॅमेरा बिघडला असल्याने पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता, त्यामुळे तो उलटा आला असावा. मूळ फोटोत नथ डावीकडेच आहे. पुठ्ठा जाड, गडद हिरवा, सोनेरी कडांचा, सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच आहे. मागची छपाई झिजली आहे, इंग्रजी अक्षरांत ‘बॉम्बे’ एवढेच वाचता येते. पायांमागे लोखंडी तिवईचा पायही दिसतो.

जपणूक: फोटो ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असेल तर तो पाण्याने फुगतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. आम्लविरहित कागदात गुंडाळून, प्लास्टिकपासून दूर ठेवा.

माजघर: धन्यवाद, पण मी हे विचारलेले नाही.

रंगपट: आता काही बोलता येईल. हे ‘कॅबिनेट’ मापाचे कार्ड आहे. ते माप १८६६ नंतर रूढ झाले आणि असे गडद, सोनेरी कडांचे जाड पुठ्ठे बहुधा १८८० नंतरचे असतात. तिवई म्हणजे मान स्थिर ठेवण्याचा आधार. भाऊराव १८८२ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, ‘सौभद्र’ त्याच वर्षी रंगभूमीवर आले आणि भाऊराव १९०१ मध्ये वारले. काळ जुळतो, परंतु त्याच वर्षांत इतर मंडळ्यांतही पुरुषच स्त्रीभूमिका करत होते, म्हणून काळ जुळला की माणूसही जुळला असे होत नाही.

नांदी: तिवई तर माझ्या पणजीच्या फोटोतही आहे. गृहिणी स्टुडिओत जात नव्हत्या का?

काचपट्टी: जात होत्या, हे मान्य आहे. परंतु मागच्या रंगवलेल्या पडद्यावर महालाचे खांब आहेत आणि मनगटे पाहा, बांगड्या निम्म्यावर अडकल्या आहेत, हात पुरुषाचे वाटतात.

नांदी: महालाचे पडदे स्टुडिओत सर्वांसाठी असत. मनगटांचा मुद्दा मात्र मला पटतो.

रंगपट: माजघर, कान पाहा. वेष, केस आणि भुवया बदलता येतात, कानाच्या पाळीची ठेवण बदलत नाही. भाऊरावांनी पुढे पुरुषभूमिकाही केल्या. त्या वेषातील खात्रीचा फोटो मिळाला तर तुलना होईल. तोवर मथळ्यात ‘भाऊराव कोल्हटकर’ छापू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकदा छापलेले नाव पुढची पन्नास वर्षे कोणी तपासत नाही.

माजघर: घरच्यांना वाईट वाटेल, पण आपले म्हणणे योग्य आहे. ‘स्त्रीवेषातील नट, मुंबईचा स्टुडिओ, १८८० नंतर, घरच्या आठवणीनुसार भाऊराव कोल्हटकर’ असा मथळा देतो. मूळ फोटोतला डावा कान कुडीसकट स्पष्ट दिसतो, पाळी गालाला चिकटलेली आहे. ज्यांच्याकडे भाऊरावांचा डावा कान दिसणारा फोटो असेल, त्यांनी शुक्रवारपर्यंत इथे जोडावा.